‘बिग ईडन’ : डब्यातून पोचलेले प्रेम आणि डोंगरातले गाव

अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या डोंगराळ भागातले एक छोटे गाव. गावात किराण्यापासून खिळ्यांपर्यंत सारे काही मिळणारे एक दुकान आहे. दुकानाचा मालक पाइक डेक्स्टर हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ज्यांना मराठीत सवयीने ‘रेड इंडियन’ म्हटले गेले त्या समाजातला. उंचापुरा, धिप्पाड, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही असा. गावातले एक वृद्ध गृहस्थ पक्षाघाताच्या झटक्यातून सावरत आहेत आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी त्यांचा चित्रकार नातू न्यूयॉर्कहून आला आहे. या दोघांसाठी गावातली एक विधवा बाई स्वयंपाक करून देते आणि तो डबा त्यांच्या घरी पोचवण्याचे काम पाइककडे येते. बाईंच्या हाताला चव बेताचीच. पाइक पाककृतींची पुस्तके मिळवतो, एकट्याने नेटाने स्वयंपाक शिकतो आणि बाईंच्या डब्याच्या जागी गुपचूप आपला डबा ठेवू लागतो. नातू रोज चाटूनपुसून जेवतो. रांधणारे हात कोणाचे, हे त्याला ठाऊक नसते.

‘बिग ईडन’ या चित्रपटाचा हा गाभा आहे. थॉमस बेझुका यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा त्यांचा पहिलाच चित्रपट २००० साली महोत्सवांतून दाखवला गेला आणि १ जून २००१ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. बेझुका चित्रपटांत येण्यापूर्वी फॅशनच्या व्यवसायात होते. चित्रपटाचे बजेट लहान, प्रदर्शन मोजक्या चित्रपटगृहांत आणि तिकीटबारीवरचे उत्पन्नही माफक. तरीही लॉस एंजेलिसच्या ‘आउटफेस्ट’सह अनेक महोत्सवांत तो गौरवला गेला आणि पुढे घरोघरी डीव्हीडीवर पाहिला गेला. एका गोऱ्या पुरुषाची आणि एका मूळ अमेरिकन पुरुषाची, खेड्यात घडणारी आणि सुखान्त अशी प्रेमकथा तोवर अमेरिकन पडद्यावर जवळजवळ नव्हतीच.

डब्यातून जुळणारे प्रेम म्हटले की मराठी वाचकाला मुंबईच्या डबेवाल्यांवर बेतलेला ‘द लंचबॉक्स’ (२०१३) आठवेल. ‘बिग ईडन’ त्याच्या तेरा वर्षे आधीचा. दोन्हींत माणसे बोलायला घाबरतात आणि जेवण त्यांच्या वतीने बोलते. मात्र ‘बिग ईडन’मध्ये त्या घाबरण्याचे कारण वेगळे आहे.

आजोबा, नातू आणि गाव

चित्रकार हेन्री हार्ट (आरी ग्रॉस) न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेला आहे. त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन तोंडावर असतानाच आजोबा सॅम (जॉर्ज को) यांच्या आजारपणाची बातमी येते. गावी परतल्यावर त्याची गाठ पडते ती शाळेतला जिवलग मित्र डीन स्ट्यूअर्ट (टिम डीके) याच्याशी. डीन घटस्फोटानंतर दोन मुलांना घेऊन गावात राहायला आला आहे. हेन्री पौगंडावस्थेपासून मनातल्या मनात ज्याच्यावर झुरत आला, तो हाच. डीनही काही काळ त्याच्याकडे झुकतो, पण ते नाते पुढे जाऊ शकत नाही. आणि हेन्री जुन्या प्रेमाच्या मागे फिरत असताना, डबा घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या पाइककडे त्याचे लक्षही जात नाही.

गावाचे मात्र जाते. विधवा थेअर (नॅन मार्टिन) ही गावातली स्थळे जुळवणारी बाई. ती आधी हेन्रीला भेटण्यासाठी उपवर मुलींना घरी बोलावते. त्याचा कल लक्षात आल्यावर तिची फारशी चलबिचल होत नाही; पुढच्या खेपेला तिच्या पाहुण्यांत पुरुष दिसतात. दुकानात बसून गप्पा छाटणारे म्हातारे काउबॉय पाइकची तळमळ ओळखतात आणि त्याच्या पाठीशी उभे राहतात. शिक्षिका ग्रेस कॉर्नवेल (लुईस फ्लेचर) हेन्रीला त्याच्या मनाशी प्रामाणिक राहायला सांगते. ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’मधील निर्दय परिचारिकेच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या फ्लेचर यांना अशा मायाळू भूमिकेत पाहणे हा एक वेगळाच अनुभव आहे.

या साऱ्या धांदलीत खलनायक कोणीच नाही. चर्च हेन्रीवर तुटून पडत नाही, दारूच्या गुत्त्यावर कोणी टोमणे मारत नाही, रात्री घरावर दगड येत नाहीत. पाइकच्या वंशाबद्दलही कोणी वावगे बोलत नाही. मग कथेत अडते कुठे? ते हेन्रीच्या स्वतःच्या जिभेवर अडते. आजोबांना सारे उमजले आहे. ते नातवाला बोलते करू पाहतात, त्याला वाट मोकळी करून देतात. पण हेन्री विषय टाळतो. आजोबा जातात आणि जे एक वाक्य त्यांना सांगायचे होते ते राहूनच जाते. चित्रपटातले हे सर्वांत वेदनादायी वळण आहे आणि त्याची जबाबदारी गावावर टाकण्याची सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. कोणी दम न देताही माणूस आयुष्यभर दबून राहतो, ते कसे, हा प्रश्न तो प्रेक्षकापुढे ठेवतो. हेन्री आणि पाइक अखेर एकत्र येतात, हे सांगितल्याने फारसे काही बिघडत नाही. आजोबांबरोबर राहून गेलेले बोलणे मात्र पुरे होत नाही.

पडद्याबाहेरचा मोंटाना

गावाचा हा समजूतदारपणा काही अमेरिकन समीक्षकांना पटला नाही. त्यांच्या मते ही परीकथा होती. आक्षेप निराधार नव्हता. शेजारच्या वायोमिंग राज्यात, लॅरमी येथे, मॅथ्यू शेपर्ड या एकवीस वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याची ऑक्टोबर १९९८ मध्ये झालेली निर्घृण हत्या साऱ्या अमेरिकेच्या स्मरणात ताजी होती. खुद्द मोंटानात समलिंगी संबंधांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद असलेला कायदा होता. या कायद्याखाली दोषी ठरणाऱ्यांना हिंसक गुन्हेगारांप्रमाणे आयुष्यभर पोलिसांकडे नोंद ठेवायला लावण्याचा प्रस्ताव १९९५ मध्ये राज्याच्या सिनेटने संमतही केला होता. देशभर गदारोळ झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. पुढे १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन तो कायदा रद्दबातल ठरवला. हा हक्क मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेत स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. निकाल लागला तरी रद्द झालेले कलम कायद्याच्या पुस्तकातून प्रत्यक्ष खोडायला २०१३ साल उजाडले. त्या आधी, २००४ मध्ये, मोंटानाच्या मतदारांनी समलिंगी विवाहाला मनाई करणारी घटनादुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर केली होती. ती २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये संघीय न्यायालयाने मोडीत काढली.

म्हणजे ‘बिग ईडन’ बनला तेव्हा मोंटानात समलिंगी संबंध गुन्हा राहिले नव्हते, याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. गावाच्या नावातच ईडन आहे, म्हणजे बायबलातले नंदनवन. त्यामुळे दिग्दर्शकाला वास्तवाचे भान नव्हते असे मानण्याचे कारण नाही.

पण परीकथा म्हणून हात झटकणे हेही पुरते न्याय्य नाही. समलिंगी माणूस म्हणजे शहरी माणूस, ही अमेरिकन चित्रपटांनी आणि वर्तमानपत्रांनी मिळून रुजवलेली समजूत. २००० च्या अमेरिकन जनगणनेत समलिंगी जोडप्यांची नोंद देशातील ९९ टक्क्यांहून अधिक काउंट्यांत झाली. त्या नोंदीत चुका होत्या आणि खरा आकडा काहीसा कमी असणार, हे पुढे मान्य झाले. तरी चित्र बदलत नाही. ही माणसे खेड्यांत होतीच. त्यांतली पुष्कळ हेन्रीसारखी न्यूयॉर्कला गेली, पुष्कळ पाइकसारखी दुकानाच्या गल्ल्यामागे राहिली. न गेलेल्यांची गोष्ट सांगायला कोणी आले नव्हते एवढेच.

दोन जुन्या शेवटांना नकार

‘बिग ईडन’चे खरे वेगळेपण कळण्यासाठी हॉलिवूडच्या दोन जुन्या सवयी पाहाव्या लागतात. १९३४ पासून काटेकोरपणे राबवलेल्या आणि १९६८ मध्ये बाद झालेल्या निर्मिती संहितेने गोऱ्या-काळ्यांमधील प्रणय आणि समलिंगी आकर्षण या दोन्ही गोष्टी पडद्यावर निषिद्ध ठरवल्या होत्या. मूळ अमेरिकनांचा उल्लेख त्या बंदीत नव्हता, त्यामुळे गोरा नायक आणि मूळ अमेरिकन नायिका अशा कथा येत राहिल्या. पण त्यांचा शेवट बहुधा ठरलेला असे. ‘ब्रोकन ॲरो’ (१९५०) मध्ये जेम्स स्ट्यूअर्टचा नायक अपाची तरुणीशी लग्न करतो आणि ती मारली जाते. ती भूमिकाही डेब्रा पॅजेट या गोऱ्या अभिनेत्रीने केली होती. समलिंगी पात्रांच्या वाट्याला संहिता गेल्यावरही बराच काळ आत्महत्या, खून किंवा आजारपण हेच आले.

पाइकची भूमिका करणारे एरिक श्वाइग यांच्या कारकिर्दीतच हा बदल पाहता येतो. मायकेल मान यांच्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१९९२) मध्ये ते उनकस झाले होते. उनकसचे गोऱ्या ॲलिसवरचे मुके प्रेम कड्यावर संपते. तो मारला जातो आणि ती दरीत उडी घेते. आठ वर्षांनी तोच नट, तसाच अबोल, पुन्हा एका गोऱ्या व्यक्तीच्या प्रेमात पडतो. या वेळी ती व्यक्ती पुरुष आहे आणि दोघेही जिवंत राहतात. तुलनेसाठी अँग ली यांचा ‘ब्रोकबॅक माउंटन’ (२००५) पाहावा. ॲनी प्रू यांच्या १९९७ च्या कथेवरचा हा चित्रपट कलाकृती म्हणून ‘बिग ईडन’पेक्षा कितीतरी सरस आहे. त्याची फोटोग्राफी, त्याचे मौन, हीथ लेजरचा अभिनय यांच्याशी बेझुकांच्या गोडसर, काही ठिकाणी रेंगाळणाऱ्या चित्रपटाची बरोबरी होणार नाही. पण त्यात डोंगर हा आसरा आहे आणि गाव हा धोका. आणि दोघांपैकी एकाचा अंत व्हावाच लागतो. ‘बिग ईडन’ने पाच वर्षे आधी गावालाच आसरा केले होते.

श्वाइग यांचा जन्म १९६७ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाकडील इनुविक येथे झाला. त्यांच्या रक्तात इनुइट आणि डेने या समाजांचा वारसा आहे. तान्हेपणीच त्यांना एका गोऱ्या कुटुंबाने दत्तक घेतले. त्या दशकांत कॅनडाच्या बालकल्याण यंत्रणांनी मूळ रहिवाशांची हजारो मुले त्यांच्या आईबापांपासून काढून परक्या घरांत दिली होती. दत्तक घरात झालेल्या छळाबद्दल श्वाइग पुढे जाहीरपणे बोलले आहेत. अभिनयाबरोबरच ते इनुइट परंपरेतले लाकडी मुखवटेही कोरतात. पाइकच्या दबलेल्या हालचाली, नजर चुकवणे, एखाद्या वाक्यासाठी घेतलेला लांबलचक श्वास, हे सारे त्यांनी इतके संयमाने केले आहे की चित्रपटाचा तोल त्यांच्याच खांद्यावर टिकून राहतो.

पण जी मर्यादा नोंदवायला हवी तीही पाइकशीच निगडित आहे. पटकथा त्याच्या वंशाचा विषय फारसा काढत नाही. ज्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, त्याच्या पूर्वेला लागूनच ब्लॅकफीट जमातीचे राखीव क्षेत्र आहे आणि नैर्ऋत्येला काही अंतरावर सेलिश व कूटने जमातींचे. मोंटानात अशी सात राखीव क्षेत्रे आहेत. अशा प्रदेशात गावाचे दुकान एका मूळ अमेरिकनाच्या मालकीचे असणे ही साधी गोष्ट नव्हे. इतिहासात गल्ल्यावर गोरा व्यापारी बसे आणि उधारीत मूळ रहिवासी बुडे. बेझुकांनी ही अदलाबदल केली, पण तिच्यावर भाष्य केले नाही. परिणामी हेन्रीला आजोबा आहेत, बालपण आहे, जुने प्रेम आहे. पाइकला हेन्रीवरच्या प्रेमापलीकडे भूतकाळ फारसा नाही. वंशभेद न पाहणाऱ्या गावाने पाइकचा इतिहासही पाहिला नाही, असे म्हणावेसे वाटते.

तो इतिहास मात्र या विषयाच्या अगदी जवळचा आहे. मोंटानातील क्रो जमातीत स्त्रीवेशात राहणाऱ्या आणि स्त्रियांची कामे करणाऱ्या पुरुषांना ‘बाटे’ म्हणत आणि समाजात त्यांना मान होता. ऑश-टिश हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव. ऑश-टिशचे शिवणकाम आणि चामड्यावरचे काम वाखाणले जाई. १८७६ च्या रोझबडच्या लढाईत क्रो योद्ध्यांबरोबर ऑश-टिशने भाग घेतला होता. १८९० च्या दशकात सरकारने नेमलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने राखीव क्षेत्रातील बाटेंना पकडून त्यांचे केस कापले, पुरुषी कपडे घालायला लावले आणि अंगमेहनतीला जुंपले. त्यावर क्रो जमातीचा मुखिया प्रिटी ईगल याने त्या अधिकाऱ्यालाच राखीव क्षेत्र सोडून जायला सांगितले, अशी जमातीची आठवण आहे. १९९० मध्ये कॅनडातील विनिपेग येथे भरलेल्या मेळाव्यात मूळ रहिवाशांमधील समलिंगी व पारलिंगी व्यक्तींनी स्वतःसाठी ‘द्विआत्मा’ या अर्थाची नवी संज्ञा स्वीकारली, ती या परंपरेचा धागा पुन्हा पकडण्यासाठी. ‘बिग ईडन’ ज्या समजूतदार गावाचे स्वप्न पाहतो, तसे गाव त्याच प्रदेशात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खरोखर होते आणि ते बाहेरून आलेल्यांनी मोडले. चित्रपटाच्या टीकाकारांनी आणि चाहत्यांनीही या गोष्टीकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

गावाकडे परतण्याची ही गोष्ट आता मराठीतही आली आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि त्याने जागतिक विभागातील कथापटाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक पटकावले. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या गावी येतो आणि बालमित्र बाळ्याशी त्याचे नाते नव्याने फुलते. तिथे वंशाचा प्रश्न नाही. नातेवाइकांचा लग्नाचा धोशा मात्र आहे. आईला सारे ठाऊक असते आणि ती मुलाच्या बाजूने असते. हेन्रीच्या आजोबांनी जे कळूनही ऐकायचे राहून गेले, ते या आईच्या बाबतीत आधीच घडून गेलेले आहे. दोन चित्रपटांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि ‘साबर बोंडं’ची शैली ‘बिग ईडन’च्या सुखद विनोदापासून फार दूरची आहे. आजारपण किंवा मृत्यू शहरातल्या मुलाला गावात ओढून आणतो आणि ज्या घरातून तो दूर गेला त्याच घरात त्याला बोलावे किंवा गप्प राहावे लागते, एवढा सांधा दोहोंत समान आहे.

बेझुका यांनी पुढे ‘द फॅमिली स्टोन’ (२००५) हा कौटुंबिक चित्रपट केला. त्यातील कुटुंबाचा एक कर्णबधिर गोरा मुलगा आणि त्याचा कृष्णवर्णीय जोडीदार घरच्यांत इतके मिसळून गेलेले आहेत की त्यांच्या नात्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. मोंटानाकडे ते वीस वर्षांनी परतले. लॅरी वॉटसन यांच्या कादंबरीवरील ‘लेट हिम गो’ (२०२०) मध्ये केव्हिन कॉस्टनर आणि डायन लेन यांनी साकारलेले वृद्ध जोडपे नातवाच्या शोधात मोंटानाहून नॉर्थ डकोटाकडे निघते. वाटेत माळावर त्यांना पीटर नावाचा एक मूळ अमेरिकन तरुण भेटतो. सरकारी निवासी शाळेतून पळालेला, स्वतःच्या माणसांत परत जायचे तर भाषाही उरलेली नाही असा, आणि घोड्याच्या सोबतीने एकटा राहणारा. पाइकच्या तोंडी जे कधी आले नव्हते, ते पीटर शेकोटीपाशी बसून मोजक्या वाक्यांत सांगतो.